टेनिस बॉलच तर होता

सायखेड्याचा मळा मोठ्या भावांकडे राहिला आणि झुंबर नुसता गळा घेऊन नाशकात आला. मार्केट यार्डात एका अडत्याकडे तो लिलाव पुकारतो. टोमॅटोच्या क्रेटांवर उभा राहून बोली अशी चढवतो, की व्यापारी माल महाग घेऊनही हसत जातात. याच गळ्यानं त्याच्या हातात माईक दिला. पंचवटीपासून देवळालीपर्यंत टेनिस बॉलची कुठलीही स्पर्धा असो, कॉमेंट्रीला झुंबरच लागतो. शून्यावर आऊट झालं तरी चालेल, पण झुंबरच्या तोंडी सापडायला नको, असं पोरं म्हणायची. त्याला ते ऐकायला आवडायचं. खोटं कशाला बोला.

यंदा भीमजयंतीनिमित्त नाशिकरोडच्या एका वसाहतीनं स्पर्धा ठेवली होती. यजमान संघाचा ललित ओपनिंगला आला तो जाळीचं हेल्मेट घालून. ललित कोर्टात कारकून, बायको मनीषा शाळेत शिक्षिका. मुलगी झाल्यावर तिनंच त्याला ते हेल्मेट घ्यायला लावलं होतं.

आपल्याकडे डोकं सांभाळणाऱ्याला भित्रा म्हणायची रीत आहे. रस्त्यावर तीच, मैदानात तीच. झुंबरला आयतं गिऱ्हाईक मिळालं.

"पाव्हणं, टेनिस बॉल हाय हा, तोफगोळा नाय," तो माईकवर म्हणाला. मैदान हसलं. मग यानं सोडलंच नाही. प्रत्येक चेंडूला एक टोला. शेवटी घरावर गेला, बायकोवर गेला, तेव्हा मंडपातल्या बायासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. ललितनं मान खाली घातली, हेल्मेट काढलं आणि सीमेबाहेर फेकलं.

"आता कसं मर्दावानी दिसतंय," झुंबर म्हणाला. टाळ्या पडल्या.

पुढच्याच ओव्हरला आखूड चेंडू उसळला. ललितनं बॅट फिरवली, वरची कड लागली आणि चेंडू थेट डाव्या डोळ्यावर. आवाज फार मोठा नव्हता. ओलं धुणं दगडावर आपटावं, तेवढाच.

सगळ्यांच्या आधी पळाला तो झुंबरच. ललितला उचलून त्यानंच रिक्षात घातलं, त्याचं डोकं मांडीवर धरून दवाखान्यात नेलं.

"पण मॅडम, टेनिस बॉलच तर होता," तो डॉक्टरीणबाईंना म्हणाला. "मऊ असतो तो."

"मऊ असतो तिथंच घात होतो," त्या म्हणाल्या. "कडक चेंडू बऱ्याचदा डोळ्याच्या खोबणीच्या काठावरच्या हाडावर अडतो. हाड मोडतं, तेही वाईटच. पण हा आदळला की चपटा होतो आणि त्याचा फुगवटा खोबणीत शिरतो. डोळा दाबला जातो, आडवा ताणला जातो आणि आतला पडदा फाटतो. त्यात बॅटच्या कडेवरून आलेला. हातभर अंतरात पापणी कधी मिटणार?"

झुंबरला यार्डातला टोमॅटो आठवला. साल शाबूत असते, पण अंगठा जोरात लागला की आत नुसतं पाणी. कॅच घेताना हात मागे न्या, मार विरतो, हे तो नवख्या पोरांना माईकवरून शिकवत आला होता. डोळा मागे कुठं नेणार?

ऑपरेशन झालं. नजर किती परत येईल, हे डॉक्टर सांगेनात.

मनीषा त्या दिवशी माहेरी, वणीला होती. आली ती धावतच. पहिला प्रश्न तिनं नवऱ्याला केला, "हेल्मेट कुठं होतं?"

"गरम होत होतं. काढलं," ललित म्हणाला.

झुंबर उशाशी उभा होता. मनीषा त्याच्याकडे वळली. "झुंबरभाऊ, तुम्ही होतात म्हणून वेळेत आणलं," म्हणाली आणि आईनं बांधून दिलेल्या डब्यातली पोळीभाजी त्याच्यापुढे ठेवली. त्यानं ती खाल्ली. नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं.

फायनलच्या सकाळी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या नवनाथचा फोन आला.

"लवकर ये. आज तुझा सत्कार हे. शाल आणलीय. ललितला तूच वाचवलं म्हणतात सगळे."

"शाल ठेव तिकडं."

"का रे, भाव खातो का?"

"वहिनीला भेटून येतो आधी."

भेटायला जातो म्हणणं सोपं होतं. वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन तो एकदा परत जिन्याशी आला, तंबाखू मळली, ती तशीच टाकून दिली आणि आत गेला.

"वहिनी, यानं गरम होतं म्हणून हेल्मेट काढलं नाय. मी काढायला लावलं. माईकवरून."

"झुंबरभाऊ, राहू द्या ना," ललित पडल्या पडल्या म्हणाला.

मनीषानं नवऱ्याकडे पाहिलंही नाही. "काय म्हणालात?"

"चेष्टा केली."

"काय केली, ते बोला."

"वहिनी, मैदानातलं बोलणं ते. इथं कसं..."

"अख्ख्या मैदानापुढं बोललात. इथं आम्ही दोघंच आहोत. बोला."

त्यानं खाली फरशीकडे बघत सांगितलं, "म्हटलं... ललितराव रात्रीबी हेल्मेट घालूनच झोपतात. बायकोचा हात लय चालतो."

"लोक हसले?"

"हसले."

"बायका पण?"

"हो."

तिनं आरडाओरडा करावा, चार शिव्या घालाव्यात, असं त्याला मनापासून वाटलं. ती तसं काही करेना. ललितनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं आणि बरा डोळाही मिटून घेतला होता. झुंबरच्या खिशात फोन वाजायला लागला. तो वाजतच राहिला.

औषध घालायची वेळ झाली होती. मनीषानं थेंबांची बाटली उघडली, नवऱ्याची हनुवटी धरून तोंड अलगद आपल्याकडे वळवलं.

"सरका," ती झुंबरला म्हणाली. "उजेड अडतोय."

तो सरकला.