पितृपक्षातला हौद

घरात आम्ही जे बोलतो ते मला लिहिता येत नाही. ती बोली आमच्या वाड्यांपुरतीच. चौथीपर्यंत शाळेत जी मराठी शिकले, तिच्यातच लिहिते.

वसईजवळ पापडीला आमची केळीची वाडी. मी लग्न होऊन आले तेव्हा विहिरीचं पाणी इतकं गोड होतं की वसईहून आलेला पाहुणा चहाआधी तांब्याभर पाणी मागायचा. मग चहूकडे इमारती उठल्या. दिवसभर पंप चालू लागले, टँकर भरभरून जाऊ लागले. जमिनीतलं गोडं पाणी ओढलं गेलं तसं मागून खारं आलं. आधी डाळ शिजेना, मग चहातलं दूध फाटायला लागलं, मग केळीची पानं कडेने करपली. सासूबाई म्हणायच्या, "विहिरीला नजर लागली." सासरे म्हणायचे, "नजर नाही, पंप लागला."

सासऱ्यांनीच मग स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून सिमेंटचा हौद बांधून घेतला. कौलांच्या कडेला पत्र्याची पन्हळ, पन्हळीतून पाइप, पाइप हौदाच्या तोंडात. तोंडाला पंचा बांधलेला. पाइपाचा खालचा बाक त्यांनी मुद्दाम सैल ठेवला होता. तो फिरवला की पाणी हौदात न जाता केळीच्या आळ्यात जायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीचं पाणी असंच सोडून द्यायचं, कौलं धुऊन निघेपर्यंत. मध्ये ऊन पडलं की कौलांवर परत पाला, धूळ, पाखरांची घाण जमायची. परत बाक फिरवायचा, पन्हळीचं पाणी स्वच्छ वाहू लागलं की मग हौदाकडे वळवायचा. हे काम माझं होतं. मला ते आवडायचं. त्यात कोणाशी बोलावं लागत नसे.

मग एका वर्षी बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. ते म्हणाले, "आजोबा, विहिरीचं खारं पाणीसुद्धा प्यायचं नाही." नळ आमच्याकडे तेव्हा आलाच नव्हता. म्हणजे बाबांना प्यायला एवढा एक हौदच. तो पुढच्या पावसापर्यंत पुरवायचा होता.

आणि नेमका त्याच वर्षी श्रावणात पंचा कुजून फाटला आणि पन्हळीतून मेलेला उंदीर हौदात गेला. भरत आलेला हौद. वास आला तेव्हा कळलं. सगळं पाणी उपसून टाकावं लागलं. मी आत उतरून चुन्याने घासला. बाबा बाजेवर बसून बघत होते. म्हणाले, "घाबरू नकोस. अजून हत्तीचं नक्षत्र बाकी आहे. हस्ताच्या पावसात एका दुपारी भरतो हौद."

खरं होतं ते. पण हस्ताच्या आधी पितृपक्ष येतो.

आमच्या शेजारची वाडी चुलत सासऱ्यांची होती. तिथे चार मजल्यांची बिल्डिंग झाली. तिच्या पहिल्या मजल्याच्या गॅलऱ्या आमच्या कौलांना इतक्या जवळ, की हात लांब केला तर कौल उचलता येईल. माणसं चांगली होती. कोणी साताऱ्याकडची, कोणी कोकणातली, कोणी मुंबईची जागा विकून आलेली. आमच्या अंगावर कचरा कधी टाकला नाही त्यांनी. फक्त पितृपक्षात पान ठेवायचे. त्यांच्या गच्चीला सोसायटीचं कुलूप, खाली अंगणात सिमेंट आणि गाड्या. कावळ्याचा घास ठेवायचा कुठे? आमचं कौलारू छप्पर समोरच, आणि त्यावर कावळेही बसलेले. रोज कोणाची ना कोणाची तिथी असायची.

पानं न्यायला बिल्डिंगमधल्या बायका माझ्याकडेच यायच्या. वाडीतली केळीची पानं कापून मीच द्यायची. दुपारी तेच पान भात, वरण, खीर, वडे, भोपळ्याची भाजी घेऊन आमच्या कौलांवर यायचं. कावळे अर्धं खायचे, अर्धं उधळायचे. खीर कौलांच्या खाचांतून ओघळायची. वडा घरंगळत पन्हळीत जायचा. आधीच्या वर्षांत तोवर हौद भरलेला असायचा. मी बाक फिरवून ठेवायची आणि पंधरवडा काढायची. या वर्षी हौद रिकामा होता.

मी नवऱ्याला म्हटलं, "तुम्ही सांगा ना त्यांना."

"बायकांना मी काय सांगू? तुला तोंड आहे ना?"

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मेलेल्यांच्या तोंडचा घास काढायला सांगतेस? शाप घ्यायचाय?"

बाजेवरून बाबा ओरडले, "तिचं तिला सांगू दे! तू मध्ये पडू नकोस."

सगळ्यांचं म्हणणं मी सांगावं. मी केळीत उभी राहून वाक्य पाठ केलं. ताई, यंदा हौदाचं पाणी बाबांना पाहिजे, तुम्ही पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवाल का. एवढंच.

पहिल्या मजल्यावरची साताऱ्याची बाई पान न्यायला आली. हसरी होती. मला दिवाळीला कडबोळी पाठवायची. मी पान कापलं, पुसलं, गुंडाळून हातात दिलं आणि म्हटलं, "ते... भिंतीवर ठेवलं तर..."

"भिंतीवर?" ती म्हणाली. "नको हो वहिनी, गेल्या वर्षी पहिल्यांदा भिंतीवरच ठेवलं होतं. बोक्याने खाल्लं! सासूबाईंनी वर्षभर ऐकवलं मला, तुझ्या सासऱ्याचा घास बोक्याने खाल्ला म्हणून. तुमच्या छपरावर कसं, कावळे ठरलेले आहेत."

मी हसले. काय करणार? ती म्हणाली, "तुमचं छप्पर आहे म्हणून बरं बाई," आणि गेली. माझं पाठ केलेलं वाक्य तसंच राहिलं.

त्या पंधरवड्यात पाऊस आला की मी शिडी लावून आधी वर चढायची, हाताने भात गोळा करायची, पन्हळ झाडूने ओढायची. तोवर पाऊस थांबलेला असायचा. हौदाच्या तळाशी पाणी आलं, पण हौद भरणं वेगळं.

सर्वपित्रीला तर कौलं दिसेनाशी झाली. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांचीही पानं, ज्यांची तिथी चुकली त्यांचीही. काही हातांनी ठेवलेली, काही दुसऱ्या मजल्यावरून दोरीने सोडलेली. आणि दुपारी वसईच्या किल्ल्याच्या बाजूने काळं आभाळ येताना दिसलं. हत्तीच येत होता. मी बाक केळीकडे फिरवला आणि शिडी लावली. म्हटलं, पाऊस पडायच्या आत पानं तेवढी खाली घ्यावीत.

काठीने पहिलं पान ओढलं आणि वरून आवाज आला, "वहिनी! वहिनी, थांबा! अजून शिवला नाही हो आमचा!"

वर बघितलं. गॅलरीत साताऱ्याची बाई, तिच्यामागे तिची सासू हात जोडून उभी. शेजारच्या गॅलरीत आणखी कोणी, त्याच्या वर आणखी कोणी. सगळे कावळ्याची वाट बघत होते, आणि मी शिडीवर काठी घेऊन. कोणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "दोन मिनिटं फक्त."

मी काठी खाली घेतली आणि उतरले. पाऊस आला.

तसा पाऊस त्यानंतर त्या वर्षी पडलाच नाही. पन्हळ दुथडी भरून वाहत होती आणि पाइपातून खिरीचं पांढरं पाणी, भात, पानांच्या फाळ्या धाडधाड केळीच्या आळ्यात पडत होत्या. बाबा बाजेवरून ओरडत होते, "अगं वळव! हौदाकडे वळव!"

"बाबा, वर भात आहे."

"असू दे!"

"वास मारेल. परत उपसावं लागेल."

त्यांना कळत होतं. हौद त्यांनीच बांधला होता. ते म्हणाले, "बघ बाई. मेलेल्यांना खीर, आणि जित्याला खारं पाणी." आणि हसले. हसताना त्यांना खोकला आला.

मी पाइपाखाली हात धरून उभी होते. भात यायचा थांबला की वळवायचं होतं. पण पानं पन्हळीच्या तोंडाशी अडकत होती आणि सुटत होती. स्वच्छ झालं असं वाटलं की परत एक वडा यायचा. शेवटी पाणी निवळलं, ओंजळीत घेऊन मी चव बघितली आणि बाक हौदाकडे फिरवला. तेव्हा नुसती रिपरिप उरली होती. पंच्यातून धार पडायची ती थेंब थेंब पडायला लागली.

पुढे ऊनच पडलं. हौद गुडघाभर होता तेवढाच राहिला.

बाबांपुरतं तांब्याने मोजून काढलं तरी ते माघात संपलं. नवरा वसईहून कॅन भरून आणायचा, कधी मिळायचं, कधी नाही. टँकरचं घेतलं तर तेही कुठल्या तरी विहिरीचं, अर्धं खारट. बाबा तक्रार करायचे नाहीत. एक घोट तोंडात फिरवायचे आणि सांगायचे, "हे निर्मळ गावचं दिसतंय. हे आपलंच आहे, फिरून आलंय."

वैशाखात ते गेले. पाण्याने गेले असं कोणी म्हटलं नाही, डॉक्टरांनीही नाही. मीही म्हणत नाही. वय होतं, आणि पाय तर आधीपासूनच सुजत होते.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. श्रावणातच हौद गळ्यापर्यंत आला. भाद्रपदात भरणीच्या दिवशी आमच्याकडे बाबांचं पान होतं. सासूबाईंनी सगळं त्यांच्या आवडीचं केलं होतं, अळूवडीसुद्धा. पान ठेवायचं कुठे हे कोणी विचारलं नाही. नवऱ्याने शिडी लावली आणि कौलांवर ठेवलं. सासूबाईंनी हौदातून काढलेलं पाणी वाटीत घालून दिलं, ते शेजारी ठेवलं. आम्ही अंगणात उभे राहिलो.

कावळे होते, पण ते बिल्डिंगच्या पानांवर होते. आमच्या पानाकडे एक आला, वाटीजवळ चालला, मान वाकडी करून बघितलं आणि परत उडाला. नवरा हात जोडून म्हणाला, "बाबा, वाडी विकणार नाही." कावळा आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी ठीक आहे, माझी काळजी करू नका." तरी आला नाही. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं. मला काय बोलायचं ते माहीत होतं, पण सगळ्यांसमोर तोंडातून निघेना.

तेवढ्यात थेंब पडायला लागले. थेंबांची सर झाली. नवरा सासूबाईंना धरून ओटीवर घेऊन गेला. मी धावले ती सवयीने पाइपाकडे. वर बाबांच्या पानावर पाऊस पडत होता, वाटी कलंडली होती. हौदातलं पाणी आता सासूबाई प्यायच्या. मी बाक केळीकडे फिरवला. जरा वेळाने भात आला, मग अळूवडी आली आणि आळ्यात पडली.

गॅलरीतून साताऱ्याची बाई डोकावली. डोक्यावर पदर घेतलेला, आवाज हळू.

"वहिनी, शिवला का हो तुमचा?"

नाही म्हटलं असतं तर आणखी बोलावं लागलं असतं.

"हो," मी म्हटलं. "शिवला."