सुनंदाची दुपार

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — लांबण लावत नाही.

मांडवगण फराट्याला आमचं एकत्र घर. सासूबाईंचं डावं अंग लुळं पडलं, तेव्हापासून त्यांच्याजवळ सकाळी मी बसायचे, दुपारी धाकटी जाऊ सुनंदा. नवरा रांजणगावला कंपनीत. त्याने मुलासाठी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणला होता. मुलं शाळेत गेली की मी खेळायचे. हो, मी — दोन मुलांची आई. गाड्यांची शर्यत — पडद्यावर तिरका रस्ता, काडेपेटीएवढ्या गाड्या. पुढच्यावर गोळे डागायचे, मागच्यासाठी सुरुंग टाकायचे. घरात आवाज चढवायची सोय नव्हती, तिथं गाड्या उडवता यायच्या... पण हे कारण नव्हे. मला मजा यायची.

त्या दुपारी सुनंदा विळा घेऊन दारात आली.

"ताई, मेंढरांना चारा न्हाई. आजची माझी दुपार तुम्ही बघता का?"

"जा की," मी म्हणाले. आणि गेम लावला.

पलीकडच्या खोलीतून सासूबाईंची हाक आली, "कुनी हाय का गं?" कुणाला कळू नये म्हणून टीव्हीचा आवाज मी बंदच ठेवायचे — त्यामुळे हाक स्पष्ट ऐकू आली. दुसरीही. शेवटची फेरी होती, मी दुसऱ्या नंबरवर होते, आणि तीनला वीज गेली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. थांबवायचं बटण नव्हतं का? होतं. अंगठ्याजवळच.

मग धप्पकन आवाज झाला.

मी फेरी पुरी केली — आणि गेले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शिरूरच्या दवाखान्यातून परतल्यावर सासरे — आम्ही त्यांना आबा म्हणायचो — सुनंदावर कडाडले, "म्हातारी टाकून रानात गेलीस व्हय?"

"आबा, ताईंना सांगून गेले व्हते."

सगळे माझ्याकडे वळले. खरं बोलायला किती वेळ लागला असता?

"मला न्हाई सांगितलं," मी म्हणाले.

सुनंदा भांडली नाही. माझ्याकडे एकदा बघितलं फक्त.

सासूबाई पुन्हा उठल्या नाहीत, दिवाळीआधी गेल्या. दीर सुनंदाला घेऊन पाटसला वेगळा राहिला. आबांनी मरेपर्यंत तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. माझ्या हातचं घ्यायचे, आणि आल्यागेल्याला सांगायचे, "थोरलीनं म्हातारीचं लई केलं." मी तिथंच उभी असायचे. ऐकून घ्यायचे.

मी खोटं बोलले, हे सुनंदाला तेव्हापासून ठाऊक आहे. कशासाठी — ते नाही.