वाटी रिकामी कशी द्यायची?

काचीगुड्याच्या त्या गल्लीत चतुराबाईंइतका सैल हात कुणाचा नव्हता. विरजण मागा, सुईदोरा मागा, मिळालंच म्हणून समजा. न मागताही मिळे. छप्पन साली भाषेवरून राज्याची वाटणी झाली, मराठी कारकुनांना औरंगाबादच्या बदलीचे हुकूम आले आणि घरोघरी झोप उडाली. तेव्हा बाई आपल्या झोपेच्या गोळ्याही विरजणासारख्या वाटत सुटल्या! डॉक्टरांनी त्या दिल्या होत्या एकट्या त्यांना. पण एकटीनं काही वापरणं बाईंच्या स्वभावातच नव्हतं.

शेजारच्या मालनबाईंचा मुलगा बदलीवर पुढे गेलेला. बांधाबांध झालेल्या घरात म्हातारी एकटी टक्क जागी असायची. चतुराबाईंनी संध्याकाळी वाटीत गोळ्या घालून दिल्या. "दोन्ही घ्या, माय. गाढ झोप लागंल."

सकाळी त्या दवाखान्यात गेल्या, तर डॉक्टर सहज म्हणाले, "मालनबाईलाही कालच हीच दवा दिली."

 बाईंनी सगळं सांगून टाकलं. डॉक्टर ताडकन उठले. "ये क्या किए, अम्मा? दवा है, शक्कर नहीं! सगळ्या घेतल्या असतील तर श्वास बंद पडेल."

दोघं धावतच आले. चतुराबाईंनी दार बडवलं. आतून चाहूल नाही. बाई बडवतच राहिल्या. आपल्या हातानं आपण माणूस मारलं, एवढंच त्यांना कळत होतं.

आणि कडी वाजली. विस्कटलेल्या केसांनी मालनबाई दारात उभ्या! "कशाला बडवायलीस गं? कित्ती दिवसांनी डोळा लागला होता."

डॉक्टरांनी नाडी धरली. "गोळ्या?"

"तुमची घेतली की. हिच्या तशाच हायेत." त्यांनी वाटी आणली. "घेणारच होते. पण वाटी रिकामी कशी द्यायची? घरातलं समदं बांधलंय. म्हणलं, ह्याच घालून द्याव्यात."

चतुराबाई हसत होत्या की रडत होत्या, त्यांनाच कळेना. डॉक्टरांनी गोळ्यांसाठी हात पुढे केला. "और किस-किसकू दिए?"

त्या दुपारी बाई घरोघर फिरल्या. दिलेलं परत मागायची ही त्यांची पहिलीच वेळ, पण लाज अशी वाटलीच नाही.

मालनबाई औरंगाबादला निघाल्या तेव्हा तीच वाटी चतुराबाईंनी त्यांच्या पिशवीत घातली. "रिकामीच घेऊन या, माय. पण या."