रद्द झालेलं कलम

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, बहिणीला तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे? नीट माहीत नाही.

मी वकील आहे. इथे तेलुगू मुलखात, नल्लकुंट्यात, आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर सुधाकरकाका राहतात — निवृत्त शिक्षक, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी फिट यायच्या. तिचं लग्न ठरलं, आणि काकांनी मुलाकडच्यांना फोन करून ते सांगितलं. लग्न मोडलं. "मी खोटं थोडंच बोललो?" एवढंच म्हणाले. खोटं नव्हतंच. लपवलं होतं आम्ही — म्हणूनच का ते इतकं झोंबलं?

दोन वर्षांनी काकांनी नाल्याच्या कामावरून फेसबुकवर एका नेत्याची टिंगल केली. त्या नेत्याचा एक कार्यकर्ता माझा अशील. पोस्ट मीच त्याला दाखवली. तक्रारही मीच लिहून दिली, सही त्याची. आता कलम कुठलं लावायचं? जिवंत कायद्यात ती टिंगल कुठेच बसत नव्हती. मग मी सुप्रीम कोर्टाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतं म्हणून केव्हाच रद्द केलेलं कलम घातलं. ठाण्यात ते अजून चालून जातं, हे मला ठाऊक होतं. तिथे निकाल कोण वाचतं? मी वाचला होता. अख्खा.

काकांना दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं, फोन जप्त केला. संध्याकाळी ते थेट माझ्याकडेच आले. "बेटा, हे कलम कोर्टानं काढलं म्हणतात ना? आता तूच बघ."

हायकोर्टात एक अर्ज केला असता तर सुटले असते. मी म्हणाले, "बघावं लागेल." आणि अकरा महिने बघत राहिले. दर तारखेला ते कोर्टाच्या बाकावर डबा मांडीवर घेऊन बसायचे, नावाचा पुकारा झाला की दचकून उठायचे. मला बरं वाटायचं का? हो. फार बरं वाटायचं.

शेवटी त्यांच्या भाच्याने दुसरा वकील गाठला. गुन्हा रद्द झाला. काका मात्र मलाच म्हणाले, "तू खूप केलंस गं माझ्यासाठी."

आता ते काही लिहीत नाहीत. इमारतीच्या ग्रुपवर नळाला पाणी आलं नाही एवढं टाकायचं, तरी आधी जिना चढून मला विचारायला येतात — "याच्यात काही लफडं नाही ना, बेटा?"

नसतंच. मी त्यांची धाप ऐकत उभी राहते, आणि म्हणते, "कशाला उगाच? राहू द्या, काका."

परवाही मी तेच म्हणाले.