तिसरं कडवं

"तू पेपर वाचू नकोस. आईला आण. चहाच्या वेळेत धान रोवण्याची गाणी म्हणू दे. पाहुण्यांना आवडतात."

भंडाऱ्याच्या कॉलेजात आमच्या विभागप्रमुख मॅडम मला हे सगळ्या स्टाफसमोर म्हणाल्या. चर्चासत्राचा विषय होता इंग्रजी राजवटीतली कविता आणि देशाची घडण. दोन महिने राबून मी पेपर लिहिला होता. पण मी तासिकेवरची बाई. मान हलवली.

खरं सांगते, मी मॅडमवर जळायचे. त्यांच्या पगारावर नाही, पणजोबांवर. पणजोबा कवी. इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले. त्यांची कविता मी वर्गात शिकवायचे. तिच्यात भारतमाता हिरवं लुगडं नेसून उभी आहे, भोवती धान डुलतंय. रोवणारी बाई कुठंच नाही. तरी मॅडम "आमचे पणजोबा" म्हणाल्या की मला वाटायचं, यांच्या घरातून देश निघाला. माझ्या घरातून काय निघालं? चिखलात वाकलेल्या बाया. विभागात लावलेल्या त्यांच्या पणजोबांच्या फोटोसारखा एक फोटो माझ्या भिंतीवर का नाही, या विचारानं घास गोड लागायचा नाही.

आई नाकाडोंगरीकडून पहाटेची एसटी धरून आली. तिला स्टेजखाली उभं केलं. चपला काढायला लावल्या. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, म्हणून हातात प्लास्टिकचं गवत दिलं. लोक चहा पीत होते. आईनं दोन कडवी म्हटली आणि थांबली.

मॅडमनी माइक घेतला. "किती निरागस. पाऊस, चिखल, माहेर. देश ही कल्पनाच यांच्यापर्यंत पोचली नव्हती."

टाळ्या पडल्या.

माझं डोकं तापलं. कारण त्या गाण्याला तिसरं कडवं आहे. शेवटची जुडी लावताना बाया ते म्हणतात. लहानपणापासून मी ते ऐकत आले. गोरा साहेब शेतं बघायला आला, म्हणून गावाची मालकी असलेल्या मालगुजारानं बायांना बेगारीला जुंपलं. तेव्हा सात जणी पऱ्हे फेकून बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या, कडेला धुऱ्यावर बसल्या. उठल्या नाहीत. सातही नावं गाण्यात आहेत. सातवी माझ्या आईची आजी.

व्हरांड्यात आईला गाठलं. तिसरं का सोडलं, विचारलं.

तिनं दारातून स्टेजवरच्या मॅडमच्या पणजोबांच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. "माझ्या माहेरचा मालगुजार होय तो. आडनाव आयकलं अन् वळखलं. त्याच्याच बांधीतलं गानं हाय थे. बाईनं मले पावनी म्हणून बोलावलं, तिच्या तोंडावर कसं म्हणू?"

तो माणूस देशासाठी तुरुंगात गेला, ते खोटं नाही. पण त्याच्या कवितेतलं धान माझ्या पणजीनं फुकट रोवलेलं होतं. आणि मी इतकी वर्षं त्याच्या फोटोचा हेवा करत बसले होते. स्वतःचीच किळस आली.

चहानंतर प्रश्नांची वेळ होती. मी उठले.

"मॅडम, आईनं तुमची लाज राखली. मी राखणार नाही."

सातही नावं घेतली. बांधी कोणाची, तेही सांगितलं. कोणीतरी माइक बंद केला. मी आवाज चढवला. आई आधी घाबरून खाली बघत होती. तिच्या आजीचं नाव आलं तेव्हा तिनं पदर सारखा केला आणि सरळ बसली.

या वर्षी मला तासिका मिळाल्या नाहीत. मॅडमचा निरोप मात्र आला. तिसरं कडवं उतरवून दे, माझ्या पुस्तकात घेते, आभारात तुझं नाव टाकते. मालगुजाराचा उल्लेख तेवढा वगळू.

दिलं नाही.

मी अजून जळते. पण आता फोटोवर नाही, पुस्तकातल्या पानावर. ते पान मला पाहिजे. मी लिहायला बसले आहे. कवीचं नाव छापतात त्या जागी सात बायांची नावं येतील. बांधी कोणाची, तेही त्याच पानावर. ती ओळ काढा म्हणणाऱ्या प्रकाशकाला माझं पुस्तक मिळणार नाही.