पोटावर हात न ठेवता

शेवगावात माझा दवाखाना आहे. त्या दिवशी बाहेरच्या बाकावर चार बायका बसल्या होत्या आणि माझ्या खोलीचं दार नेहमीसारखं उघडंच होतं. ऊसतोडीहून परतलेली एक बाई आत आली; बाकावरच्या दोघी तिच्याच टोळीतल्या. चाळिशीची, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. "पोट फुगल्यावानी वाटतंय," म्हणाली. मी तिच्या पोटाकडे नुसतं पाहिलं आणि मोठ्यानेच विचारलं, "दिवस तर गेले नाहीत ना?"

बाकावरचं बोलणं थांबलं. तिने पदर पोटावर ओढून घेतला. लघवी तपासली, तसं काही नव्हतं. मी ॲसिडिटीच्या गोळ्या लिहून दिल्या. तिला टेबलावर झोपवून पोट तपासायला दोन मिनिटं लागली असती. तेवढीही मी दिली नाहीत.

आठ महिन्यांनी तिची जाऊ तिला घेऊन आली. आता मी हात ठेवला. डावीकडे, बरगडीपासून ओटीपोटापर्यंत, कच्च्या भोपळ्यासारखं घट्ट काहीतरी लागलं.

"टोळीतल्या बाया नको नको ते बोलायच्या," जाऊ म्हणाली. "म्हनून औंदा तोडीलाबी गेली न्हाई."

नगरला सीटी स्कॅन झालं, मग सुईने तुकडा काढून तपासला. आतड्यांच्या मागे, चरबीतून वाढलेला कर्करोग. वीस वर्षांत असा रुग्ण मी पाहिला नव्हता. सर्जन म्हणाले, "गाठ न फोडता अख्खी काढावी लागेल. किडनीला चिकटलीय, तीही जाईल."

ऑपरेशनला मी उभा राहिलो. पाच तास लागले. सिस्टरने गाठ दोन्ही हातांनी उचलून ट्रेमध्ये ठेवली. "आधी आली असती तर कदाचित किडनी वाचली असती," सर्जन सहज बोलून गेले. ती आली होती, हे मी त्यांना सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी वॉर्डात गेलो. जाऊ चहा आणायला गेली तसा मी खाटेभोवतीचा पडदा ओढला. "माझी चूक झाली, ताई."

तिने पडद्याकडे पाहिलं. "तवा दार उघडं हुतं, डाक्टर. आन् आता पडदा लावताय व्हय?"

मी पडदा सरकवला. शेजारच्या खाटांवरच्या बायका बघू लागल्या. तेच पुन्हा म्हणायचं सोडून मी तिचा केसपेपर चाळू लागलो.

"जा तुमी," ती म्हणाली. "पेशंट खोळंबले असतील."

याला दोन वर्षं झाली. गाठ परत आलेली नाही, असं जाऊ सांगते. ती स्वतः आता तापा-खोकल्यालाही दुसऱ्या डॉक्टरकडे जाते. टोळीतल्या बायकांना खरं काय ते जावेनेच घरोघर जाऊन सांगितलं. ते काम माझं होतं.