केकवाल्या पिक्चरला किती स्टार?

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. दुकानातून आलेल्या कॅरीबॅगा आपण ओट्याखाली एकीत एक कोंबून ठेवतो ना, तसं त्यांचं होतं. ठेवताना लक्षातही येत नाही आणि एक ओढायला जावं तर चार बाहेर! आमच्या गुरुवारच्या बायकांच्या किश्श्यांचं तसंच झालंय. माहेरी गेले की बहिणी म्हणतात, "तो मद्रासचा केकवाला पिक्चर सांग गं." मी एक सांगायला बसते आणि तव्यावरची पोळी करपते.

आधी हे सगळं सुरू का झालं ते सांगते.

आम्ही चेन्नईत अण्णा नगरला राहतो. माझे मिस्टर श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात आहेत, कंपनीच्या बसनं जातात-येतात. आमची मनू तेव्हा तीन वर्षांची झाली होती आणि येत्या जूनमध्ये तिला एलकेजीत घालायचं होतं. जवळच्या कॉन्व्हेंटमध्ये मुलांआधी आईवडिलांचा इंटरव्ह्यू होतो आणि तो इंग्रजीत होतो, असं कोणीतरी सांगितलं. तिथून माझी झोप उडाली. मी सातवी शिकलेली, आमच्या गावात शाळाच तेवढी होती. तशी मी मनूला शिंक आली तरी घाबरणारी बाई. इथे तर माझ्या तोंडापायी पोरीची शाळा जायची वेळ!

वरच्या मजल्यावर बापटकाकू राहतात. त्यांचे यजमान बँकेत, काकू स्वतः एम.ए. त्या म्हणाल्या, "रडतेस काय? इंग्रजी पिक्चर बघ. तोच तोच बघ. वाक्यं आपोआप तोंडात बसतात." त्यांचा मुलगा सिरुसेरीला कॉम्प्युटर कंपनीत आहे. त्यानं घरी ठेवलेली एकच इंग्रजी डीव्हीडी आईबरोबर बघण्यासारखी होती. मग दर गुरुवारी दुपारी आम्ही चौघी काकूंच्या हॉलमध्ये जमायला लागलो. काकू, मी, मांडीवर मनू. शेजारच्या ब्लॉकमधली शोभा, ती परभणीची, नवरा रेल्वेत. आणि तळमजल्यावरच्या सरसाक्का. सरसाक्का तंजावरच्या मराठी. पिढ्यान्पिढ्या इकडेच. त्यांची मराठी ऐकली की आपल्याच पणजीशी बोलतोय असं वाटतं, फक्त ती पणजी मधूनच तमिळमध्ये रागावते.

पिक्चरची गोष्ट सोपी. एका अमेरिकन मुलीचं केकचं दुकान असतं. पेपरात खाण्याबद्दल लिहिणारा एक माणूस तिच्या केकला नावं ठेवतो. मग तोच, आपण कोण ते न सांगता, रोज दुकानात येतो आणि दोघांचं जमतं. मधल्या मधे तिचं एका दातांच्या डॉक्टरशी लग्न ठरलेलं असतं. हसतखेळत सगळं. शेवटी ती कोणाची होते, ते तुम्ही ओळखलंच असेल.

*

काकूंचा नियम होता, की पिक्चर संपला की प्रत्येकीनं इंग्रजीत एक वाक्य अभिप्राय द्यायचा.

पहिल्या गुरुवारी शोभाची पाळी आधी आली. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "केक गुड. गर्ल थिन. बॉय नो जॉब."

"अगं, तो पेपरात लिहितो की!" काकू म्हणाल्या.

"लिहितो कुठं? सगळा दिवस तर हिच्या दुकानात बसलेला असतो. आमच्या ह्यांनी असं केलं तर रेल्वे पगार देईल का?"

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "सेम."

पुढच्या गुरुवारीही सेम. त्याच्या पुढच्याही. मत नव्हतं असं नाही. पण एम.ए. बाईसमोर आपलं मत बाहेर काढायचं म्हणजे पाहुण्यांसमोर कपाट उघडण्यासारखं वाटायचं. शोभा म्हणायची, "ही बाई सेम-सेम म्हणत म्हातारी होणार!"

*

एकदा काकूंनी कुठून तरी इंग्रजी पेपरातलं जुनं कात्रण काढलं. त्यात आमच्या पिक्चरचं परीक्षण होतं. दीड स्टार! काकूंनी ते मोठ्यानं वाचून मराठीत समजावलं. परीक्षण लिहिणाऱ्याचं म्हणणं असं, की ह्या पिक्चरमध्ये नवीन काही नाही, आणि मुलगी कोणाच्या गळ्यात माळ घालणार हे पहिल्याच सीनमध्ये कळतं.

आम्हाला घरच्या माणसाला कोणी बोलल्यासारखं लागलं.

मग शोभा म्हणाली, "माझ्या लग्नात मला पण पहिल्याच सीनमध्ये कळलं होतं शेवट काय होणार ते. तरी उभी राहिलेच ना तासभर? मला कोणी अर्धा स्टार तरी दिला का?"

सरसाक्कांनी ते कात्रण हातात घेतलं, उलटंसुलटं पाहिलं आणि विचारलं, "हें लिहिणारा मेला लग्न झालेला कीं नाहीं?"

"ते कसं कळणार आक्का?"

"मग त्याचें कशास ऐकायचें? पोदुम!" पोदुम म्हणजे पुरे. कात्रण पुन्हा काही दिसलं नाही.

*

सरसाक्कांचं स्वतःचं परीक्षण वेगळंच होतं. त्यांना प्रेमाबिमाचं काही नव्हतं. त्यांची तक्रार एकच.

"दोन तास झालें. एकानें तरी भात खाल्ला काय?"

आम्ही आठवून पाहिलं. खरंच की! केक चाखतात, कॉफीचे मोठे मोठे ग्लास घेऊन रस्त्यानं चालतात, पण कोणी पान मांडून जेवायला बसलंय असं एकदाही नाही. त्यात मुलगी रडते तेव्हा फ्रीज उघडून उभ्यानं आइस्क्रीम खाते. ते बघून तर आक्कांचा जीव खालीवर झाला. "अय्यो, उपाशी पोटीं थंड! हिची आई कुठें?"

पुढच्या गुरुवारी त्या मोठा डबा भरून दहीभात आणि लिंबाचं लोणचं घेऊन आल्या. काकू म्हणाल्या, "आक्का, हे कशाला?"

"त्यांच्याकडून बघवत नाहीं म्हणून. त्यांच्या वाटणीचें आपण खाऊं."

तेव्हापासून मुलगी रडायला लागली की आम्ही जेवायला बसतो. मनूला तर वाटायचं, टीव्हीतली ताई रडली म्हणजे भात मिळतो. ती तिच्या रडण्याची वाटच बघायची!

*

एका गुरुवारी माझे मिस्टर सकाळच्या शिफ्टवरून लवकर आले आणि मला शोधत काकूंकडे आले. काकूंनी त्यांनाही बसवलं. "बसा हो, पुरुषांचं मत पण कळू दे."

हे क्वालिटीत आहेत. कारखान्यात दिवसभर गाड्यांमधल्या चुका काढायच्या, हेच काम. पिक्चरमध्ये तेव्हा मोठा सीन चालला होता. बर्फ पडतोय, मुलीला कळलंय की आपल्या केकला नावं ठेवणारा हाच, तो चढावर गाडी थांबवून उतरतो, तिच्यामागे धावतो, ती वळते, डोळ्यांत पाणी...

"अरे!" हे एकदम पुढे सरकले.

आम्हाला वाटलं, ह्यांनाही भरून आलं. काकूंनी हळूच पॉज दाबला.

"हँडब्रेक," हे म्हणाले. "चढावर आहे गाडी. त्यानं हँडब्रेक लावलाच नाही."

काकूंनी मला विचारलं, "तुझे मिस्टर मुलाच्या बाजूचे की मुलीच्या?"

शोभाच म्हणाली, "गाडीच्या!"

*

आता रिमोटचा किस्सा. रिमोट काकूंच्या हातात असायचा, दुसऱ्या कोणी त्याला हात लावायचा नाही. कारण पिक्चरमध्ये दोन तोंडं जवळ यायला लागली, की काकू पुढे पळवायचं बटन दाबायच्या. "मांडीवर लेकरू आहे," म्हणायच्या. मनू तर तेव्हा बऱ्याचदा झोपलेली असायची. पण आम्हीही काही बोलायचो नाही. ज्याचा टीव्ही त्याचं बटन.

शेवटी शेवटी असाच एक सीन होता, केकच्या दुकानातला. लग्नाचा दिवस, मुलगी पांढऱ्या झग्यात, आणि हा केकला नावं ठेवणारा येऊन माफी मागतो. तोंडं जवळ आली की काकू बटन दाबायच्या, आणि सोडायच्या तेव्हा दोघं हातात हात घालून रस्त्यानं पळत असायची. मग गाणं, मग संपलं.

म्हणजे आमच्या लेखी तो दातांचा डॉक्टर अजून चर्चमध्येच उभा! कोणी त्याला निरोप दिला नाही, काही नाही. सरसाक्कांना ह्याचा फार त्रास व्हायचा. जिन्यात भेटल्या तरी विचारायच्या, "त्या डॉक्टराला कळलें काय गे?" शोभानं तर त्या मुलीचं नावच टाकलं होतं. "भरल्या मांडवातून पळाली. आमच्याकडे असती तर दोन गावांत मारामारी झाली असती."

एका गुरुवारी काकूंच्या मुलाचा फोन आला. त्या आत बोलायला गेल्या, आणि नेमका तोच सीन आला. रिमोट समोर टीपॉयवर. आम्ही तिघी एकमेकींकडे बघतोय. उचलायची कोणाची छाती होईना. तोंडं जवळ आली... आणि झालं. एवढंसंच होतं हो! शिंक येऊन जाते तेवढं.

आणि मग दार उघडून डॉक्टर आत आला.

तो सगळं बघतो. ओरडत नाही, मारामारी नाही. कोपऱ्यात लग्नाचा केक ठेवलेला असतो, त्याचा एक तुकडा तोडून खातो. म्हणतो, चांगला झालाय. मग खिशातली अंगठी काढून काउंटरवर ठेवतो, तिला म्हणतो, तू जा, सुखात राहा. आणि दार हळू लावून जातो.

दहीभात तसाच. आक्कांनी पदरानं डोळे पुसले.

काकू बाहेर आल्या. "काय गं, काय झालं? अशा का बसलात?"

आक्का म्हणाल्या, "काहीं नाहीं. डॉक्टराला कळलें."

*

इंटरव्ह्यू जवळ आला तशी काकूंनी माझी तयारी करून घेतली. त्या खुर्चीत सिस्टर होऊन बसायच्या, मी समोर. फावल्या वेळात काय करता विचारलं तर सांगायचं, आय वॉच इंग्लिश फिल्म्स. कसा वाटला विचारलं तर एकच वाक्य, इट वॉज डिलाइटफुल. "पुढे काही बोलू नकोस. तेवढ्यावर थांब." भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना मी डिलाइटफुल, डिलाइटफुल म्हणत होते. काळजी मात्र तेवढ्यानं कमी होईना. शेवटी मनू तरी बोलेल, असा मी मनाला धीर दिला. घरी तर ती अखंड बोलते, मराठी आणि तमिळ एकत्र करून.

त्या दिवशी ऑफिसात प्रिन्सिपल सिस्टर होत्या, वयस्कर, चष्मा नाकावर, चेहऱ्यावर हसू नाही. शेजारी एक तरुण टीचर. त्यांनी मनूला नाव विचारलं. मनू माझ्या पदरात. रंग दाखवले. मनू पदरात. टीचरनं तमिळमध्ये विचारलं, चॉकलेट हवं का? पोरीनं तेही नको म्हटलं! म्हणजे आता सगळं माझ्यावर.

सिस्टर ह्यांच्याशी दोन शब्द बोलल्या आणि मग माझ्याकडे वळल्या. "अँड मदर? व्हॉट डू यू डू अॅट होम?"

"आय वॉच इंग्लिश फिल्म्स."

सिस्टरनी मान वर केली. "व्हिच फिल्म?"

मी गोष्ट सांगितली. केक, पेपरवाला, डॉक्टर. सिस्टरनी हातातलं पेन खाली ठेवलं. "यू लाइक्ड इट?"

शब्द अगदी ओठावर होता. पण इतके गुरुवार जे पोटात ठेवलं होतं ते कसं कोण जाणे आधी निघालं.

"नो, सिस्टर. गर्ल फूलिश." ह्यांनी टेबलाखाली माझा पाय दाबला. पण आता गाडी उतारावर. "टीथ डॉक्टर गुड मॅन. ही एट केक. दॅट डे ऑल्सो, ही सेड केक गुड." मग इंग्रजी संपलं आणि मी तमिळवर आले. म्हटलं, "सिस्टर, ज्याला त्या दिवशीसुद्धा तिचा केक गोड लागला, त्याला सोडून ही नावं ठेवणाऱ्याबरोबर गेली. तो उद्या रोज आमटीला नावं ठेवेल, तेव्हा हिला डॉक्टर आठवेल."

ह्यांनी डोळे मिटून घेतले होते. सिस्टर माझ्याकडे बघत राहिल्या. मग चष्मा नीट करून त्यांनी समोरच्या कागदावर सही केली.

"जून. मुलीचे दोन फोटो आणा."

मला ते कळायलाच वेळ लागला. ह्यांनी मनूला उचललं, मी थँक्यू, थँक्यू म्हणत मागे मागे सरकत दारापर्यंत आले. दार ओढून घेताना सिस्टर त्या तरुण टीचरला तमिळमध्ये म्हणत होत्या,

"ऐकलंस? आणि डॉक्टरची बाजू घेतली म्हणून तुम्ही सगळ्याजणी मलाच वेड्यात काढत होता!"